लिहिलं कोणी, हे कर्नलला कसं कळतं?

मोठी फाइल कॉपी करताना पट्टी आधी सुसाट पुढे सरकते आणि मग एकाएकी अडते, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. डिस्कच्या वेगाला लगाम घालणं इतकं अवघड का, याचं उत्तर त्या अडण्यातच दडलंय.

एका यंत्रावर अनेक प्रोग्राम चालतात, डिस्क मात्र एकच असते. बॅकअप सुरू झाला की बाकीचे ताटकळतात. म्हणून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, प्रोसेसचे (चालू असलेल्या प्रोग्रामांचे) गट करून प्रत्येक गटाला मर्यादा आखून देता येते. मर्यादा दोन प्रकारची असते: सेकंदाला किती बाइट आणि सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या किती विनंत्या. दोन्ही लागतात. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, त्यात डिस्क वाचणारं डोकं हलवायचा वेळ वेगळा. विखुरलेल्या जागा वाचायच्या तर सेकंदाला जेमतेम शंभरेक विनंत्या होतात. प्रत्येकी ४ किलोबाइट धरले तर पदरात पडतात ४०० किलोबाइट, आणि तेवढ्यातच डिस्क पुरती दमलेली असते. नुसते बाइट मोजणाऱ्याला हे कळणारच नाही.

मोजणी तशी सोपी आहे. समजा, मर्यादा सेकंदाला १० मेगाबाइट. कर्नल वेळेचे छोटे तुकडे पाडतो. दशांश सेकंदाच्या तुकड्यात १ मेगाबाइट बसतो. त्यापलीकडची विनंती नाकारली जात नाही, गटाच्या रांगेत थांबते आणि टायमर वाजला की पुढे जाते. २०११ च्या जानेवारीत आलेल्या २.६.३७ आवृत्तीपासून ही सोय आहे.

पण घोळ लिहिण्यात होता. प्रोग्राम लिहितो तेव्हा मजकूर लगेच डिस्कवर जातच नाही. तो मेमरीतल्या पेज कॅशेत, म्हणजे फाइलींचा मजकूर तात्पुरता ठेवायच्या जागेत, पडतो आणि प्रोग्राम मोकळा होतो. पट्टी सुसाट पळते ती यामुळेच. डिस्कवर तो नंतर उतरवतो कर्नलचाच एक धागा (थ्रेड, म्हणजे पडद्यामागे चालणारं काम), आणि हा धागा कोणाच्याच गटात नसतो. त्यामुळे मर्यादा वाचनाला लागू व्हायची, कॅशे टाळून केलेल्या लिखाणाला लागू व्हायची, नेहमीचं लिखाण मात्र खुशाल निसटायचं. रोजचं बहुतेक लिखाण याच वाटेनं जातं, म्हणून मला ही उणीव फार मोठी वाटते.

गटांच्या नव्या रचनेत मेमरीचा आणि डिस्कचा हिशेब एकत्र आणला गेला. २०१६ मध्ये ४.५ आवृत्तीत ती अधिकृत झाली. मेमरीचं कुठलं पान (म्हणजे ठरावीक आकाराचा छोटा तुकडा) कोणत्या गटाचं, हे आता ठाऊक असतं. तरी पेच उरतोच: पानं गटागणिक मोजली जातात, पण डिस्कवर उतरवणं होतं फाइलगणिक. एकाच फाइलमध्ये दोन गट लिहीत असतील तर? कर्नल ती फाइल एका गटाच्या नावावर चढवतो आणि दुसऱ्याचीच पानं सतत जास्त दिसू लागली की नाव बदलतो. तडजोड आहे, पण समंजस आहे.

त्याहून नाजूक गोष्ट फाइल सिस्टिमच्या जर्नलची, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणारी व्यवस्था आपले बदल आधी ज्यात टिपते त्या नोंदवहीची. ते सगळ्यांचं सामायिक असतं. मर्यादा ओलांडलेल्या गटाची जर्नलमधली नोंद अडवली, तर तिच्यामागे निर्दोष गटही अडकतात. यावर मर्यादा राखणाऱ्या कर्नलमधल्या काही नव्या नियंत्रकांनी काढलेला तोडगा मला मनापासून आवडतो. अशी नोंद लगेच जाऊ देतात आणि गटाच्या नावे उधारी मांडतात. वसुलीसाठी प्रोसेसला थांबवतात ते ती कर्नलमधून बाहेर पडताना, तिच्या हाती कुठलंही कुलूप (इतरांना थांबवून ठेवणारा लॉक) नसताना.