खाडीतली मासेमारी आणि सामूहिक वनहक्क: दावा कोण करू शकतं, कागद कोणते लागतात

वनहक्क म्हटलं की पालघरकडे ‘प्लॉट’ आणि रायगडकडे ‘दळी’ आठवते, म्हणजे कसायची जमीन. पण ज्या तिवरांच्या, म्हणजे कांदळवनाच्या, मुळांत पाग (फेकायचं जाळं) टाकली जाते, जिथे बायका बिळांतून चिंबोऱ्या काढतात, ती जागाही याच कायद्याखाली मागता येते. आणि नुसती मासे धरायला नाही, राखायलासुद्धा. खाडीकाठच्या पाड्यांनी हा दावा आवर्जून करावा असं मला मनापासून वाटतं. कोळंबी, बोईट, जिताडा यांची पिल्लं कांदळवनाच्या आडोशाला वाढतात. तिथे भराव पडला तर पुढच्या मोसमात जाळं रिकामं येतं आणि त्याचा फटका सगळ्यांत आधी पाड्यालाच बसतो.

वनहक्क कायदा 2006 चा. तो वनजमिनीला लागू होतो आणि त्यात राखीव, संरक्षित असं सगळं वन येतं. मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी कांदळवनाची तोड थांबवणारा आदेश दिला. त्यानंतर सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन म्हणून जाहीर होत गेली आणि 17 सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. 2012 पासून वनविभागात वेगळा कांदळवन कक्षही आहे. खाडी वनात आली की काठावरच्यांना तिथे जायची भीती वाटू लागते. पण ती वन झाली म्हणूनच वनहक्काचा दावा उभा राहतो, हे लक्षात घ्यायला हवं. कलम 3(1)(घ) मध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पादनं यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. कलम 3(1)(झ) मध्ये गावाने परंपरेने राखलेलं वन जपण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. हद्द मात्र वनजमिनीपुरती. वनाबाहेरचा खुला समुद्र यात येत नाही.

पात्रतेचे दोन गट आहेत. वारली, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी अशा अनुसूचित जमातींना उपजीविकेसाठी त्या वनावर अवलंबून असणं दाखवावं लागतं, तेही 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून. सोनकोळी, मांगेला हे समाज अनुसूचित जमातीत नाहीत, त्यामुळे ते ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून येतात. त्यांना त्याच तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथला रहिवास दाखवावा लागतो. मिश्र वस्तीच्या गावांत इथेच चर्चा अडते. त्यांच्यासाठी दाव्याच्या अर्जातच, नमुना ‘क’ मध्ये, उत्तर आहे: गावात काही थोडे सदस्य जरी यांपैकी एका गटातले असले तरी दावा करायला पुरेसं आहे.

दावा व्यक्तीचा नसतो, ग्रामसभेचा असतो. पेसा क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रात, जिथे पंचायत विस्तार कायदा लागू आहे) पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, इतरत्र गावाची. ग्रामसभा 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडते. गावात आदिवासी असतील तर तिच्यात किमान दोन तृतीयांश आदिवासी हवेत, आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यातच. ग्रामसभेच्या बैठकीला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. ही गणपूर्ती हलक्यात घेऊ नका. हजेरीपटावर सह्या-अंगठे कमी पडले तर पुढे सगळा ठरावच प्रश्नात येतो. सभेची वेळ भरती-ओहोटी बघून ठेवा, नाहीतर खाडीत जाणाऱ्या बायका सभेला येऊच शकत नाहीत.

ग्रामसभेने दावे मागवले की तीन महिन्यांत ते द्यायचे. कारण लिहून ग्रामसभा ही मुदत वाढवू शकते. कोरे नमुने मोफत मिळायला हवेत. वन आणि महसूल नकाशे व मतदारयाद्या पुरवणं ही प्रांतांच्या उपविभागीय समितीची जबाबदारी आहे. त्यांची मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

दोन नमुने भरायचे. मासेमारीचा हक्क नमुना ‘ब’ मध्ये, राखण-व्यवस्थापनाचा नमुना ‘क’ मध्ये. एकच भरून थांबू नका. ‘ब’ मधून वापर मिळतो, पण बाहेरच्याने बांध फोडला किंवा कचरा टाकला तर अडवायचं बळ ‘क’ मधून येतं.

‘आम्ही खाडीत मासे मारतो’ एवढ्या एका ओळीवर ‘ब’ नमुना सोडू नका. कुठल्या खडकापासून कुठल्या मुखापर्यंत, कुठल्या महिन्यात, उधाणाला की भांगेला (कमी भरतीच्या दिवसांत), कुठलं जाळं, पाग की आसू, निवट्या कुठे, कालवं कुठे, हे लोकांच्या तोंडच्या जागांच्या नावांसकट लिहा. ‘क’ मध्ये सर्व्हे क्रमांक किंवा वनखात्याचा कक्ष क्रमांक, शेजारची गावं आणि हद्द दाखवणारा नकाशा लागतो. खाडीला दोन काठ असतात, म्हणून समोरच्या गावाशी आधीच बोला. हद्दीवर वाद निघाला तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं असतं. तरी मिटला नाही तर तो उपविभागीय समितीकडे जातो.

पुरावे किमान दोन. वनहक्क नियमांतल्या नियम 13 मध्ये सामूहिक दाव्यासाठी मासेमारीच्या जागा हा पुरावा नावानिशी दिलेला आहे. पवित्र झाडं, देवस्थानं, स्मशानं, गावाने बांधलेल्या जुन्या बांधांचे अवशेष हेही चालतात. गॅझेटियर चालतं. ठाण्याचं 1882 चं आणि कुलाब्याचं 1883 चं जुनं गॅझेटियर तुमच्या गावासाठी नक्की चाळून बघा. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा बरोबरीचा पुरावा आहे. रहिवासासाठी रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, वंशावळ जोडा. कोणी ‘अमुकच कागद आणा’ म्हणाला तर त्याला नियम 12अ दाखवा: विशिष्ट कागदाचा आग्रह धरता येत नाही आणि उपग्रह चित्र हे इतर पुराव्यांना पर्याय ठरू शकत नाही.

यानंतर स्थळपाहणी. वन आणि महसूल खात्याला आधी लेखी कळवायचं. त्यांच्या प्रतिनिधींनी हजर राहून पंचनाम्यावर हुद्द्यासह सही करायची असते. ते आले नाहीत आणि मागाहून त्याच कारणाने हरकत निघाली, तर फेरपाहणी होते. त्यालाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. पाहणी ओहोटीच्या वेळी ठेवा, म्हणजे बिळं, वाटा, जाळी लावायचे खुंट दिसतात.

ग्रामसभेचा ठराव झाला की दावा प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे जातो आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. ग्रामसभेच्या ठरावावर हरकत असेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयावर पुन्हा 60 दिवसांत जिल्हा समितीकडे. नकाराची कारणं लेखी मागा. 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करता येतं. निर्णय लागेपर्यंत कलम 4(5) नुसार दावेदारांना हटवता येत नाही.

मिळालेला हक्क विकता येत नाही आणि त्यात कांदळवन तोडायची मुभाही नाही. ग्रामसभेने लगेच कलम 5 साठीची (वन राखण्याची) समिती नेमावी आणि व्यवस्थापन आराखडा करावा. पिल्लांच्या मोसमात मुखावर जाळं लावायचं नाही, जाळ्याची आस (भोक) किती बारीक चालेल, अंड्याची चिंबोरी परत सोडायची, कुठला पट्टा वर्षभर मोकळा ठेवायचा, हे त्यात लिहा. हा आराखडा वनविभागाच्या कार्य आयोजनेशी (त्यांच्या कामाच्या आराखड्याशी) जोडायचा असतो, पण त्यात काय बदल करायचे ते गावाची समिती ठरवते.