लीलची युद्धकालीन पोस्टकार्डे (१९१४–१८)

पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्समधील लील हे गिरण्यांचे शहर ऑक्टोबर १९१४ ते ऑक्टोबर १९१८ अशी चार वर्षे जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. त्या काळात जर्मन सैनिकांसाठी छापली गेलेली, सैनिकांनी स्वतः टिपलेल्या छायाचित्रांवरून तयार झालेली आणि त्यांनी घरी धाडलेली सचित्र पोस्टकार्डे हा या नोंदीचा विषय आहे. चौकात वाजणारा लष्करी बँड, स्थानकाजवळची जळकी घरे, बटाटे सोलणारे शिपाई, फिरत्या भटारखान्याभोवती जमलेली गावातली मुले अशी दृश्ये त्यांवर आढळतात. व्याप्त शहराचे रोजचे जगणे डोळ्यांसमोर उभे करणारी इतकी साधने क्वचितच हाती येतात. मात्र कॅमेरा, छापखाना आणि टपाल ही तिन्ही जेत्यांच्या हातात होती. हे ध्यानात न घेता ही कार्डे पाहिली, तर ती पाहणाऱ्याची सपशेल दिशाभूल करतात.

पोस्टकार्ड ही तेव्हा जेमतेम ४५ वर्षांची गोष्ट होती. ऑस्ट्रिया-हंगेरीने १८६९ मध्ये पहिले कार्ड काढले आणि पुढच्याच वर्षीच्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते सैनिकांच्या हाती गेले. भारतात ते १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला मिळू लागले. आरंभी कार्डाची एक बाजू पत्त्यासाठी राखीव असे, त्यामुळे चित्र छापले की मजकुराला जागा उरत नसे. मागची बाजू उभी दुभागून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहिण्याची मुभा ब्रिटनने १९०२, फ्रान्सने १९०४ आणि जर्मनीने १९०५ मध्ये दिली. त्यानंतर चित्राला पुढची सबंध बाजू मोकळी झाली आणि सचित्र कार्डांचे पीक आले. फ्रान्समध्ये तर लहानशा खेड्याचीही चर्च, शाळा, स्थानक, बाजार अशी कार्डे गावातला दुकानदार छापून घेत असे. जर्मन फौजा लीलमध्ये शिरल्या तेव्हा दुकानांत असा भरपूर माल पडून होता. फ्रेंच मथळ्याची, युद्धापूर्वीच्या शांत रस्त्याची कार्डे मागे जर्मन मजकूर लिहून पाठवली गेली ती यामुळेच.

जर्मन सैनिकाला घरी कार्ड पाठवायला तिकीट लागत नसे. युद्धाच्या चार वर्षांत जर्मन लष्करी टपालाने दोन्ही दिशांना मिळून सुमारे २,८७० कोटी वस्तू हाताळल्या, असा अंदाज नेहमी दिला जातो. कार्डे त्याचा मोठा हिस्सा होती. जर्मन प्रकाशकांनी व्याप्त शहरांच्या मालिका काढल्या आणि त्या सैनिकांसाठीच्या दुकानांतून विकल्या. दुसरा प्रकार अधिक जिवंत आहे. पाठीवर पोस्टकार्डाच्या रेघा आधीच छापलेला फोटोचा कागद बाजारात मिळत असे. ज्याच्यापाशी कॅमेरा होता तो शिपाई काचेच्या निगेटिव्हवरून थेट त्या कागदावर प्रती काढी आणि तुकडीतल्या सोबत्यांना देई. अशा कार्डाच्या प्रती फार तर काही डझन निघत. त्यावर प्रकाशकाचे नाव नसते, बहुधा मथळाही नसतो. कोणी शाईने खिडकीवर फुली मारतो आणि मागे लिहितो, ‘इथे मी राहतो.’ बाकीचा मजकूर ठरावीक असतो: मी खुशाल आहे, पार्सल पोचले, मोजे पाठवा, सर्वांना नमस्कार. पलटण नेमकी कुठे आहे हे लिहायला बंदी होती. सुरुवातीला तुकडीचे अधिकारीच पत्रे तपासत. १९१६ च्या वसंतापासून त्यासाठी स्वतंत्र तपासणी कार्यालये निघाली. छापील मथळ्यातले गावाचे नाव चाकूने खरवडून काढलेले किंवा शाईने झाकलेले असते ते यामुळे. लीलचे नाव मात्र कार्डांवर सर्रास छापलेले दिसते.

लीलच्या कार्डांत सर्वांत जास्त संख्या पडझडीच्या चित्रांची असावी. शहर शरण येण्यापूर्वीच्या दिवसांत, ऑक्टोबर १९१४ मध्ये, जर्मन तोफांनी केलेल्या भडिमारात स्थानकापासून मुख्य चौकापर्यंतचा मोठा भाग जळून गेला. नुसत्या भिंती उभ्या राहिलेल्या त्या इमारती पुढे वर्षानुवर्षे छापल्या जात राहिल्या. मथळ्यात रस्त्याचे आणि शहराचे नाव येते, तोफा कोणाच्या होत्या हे येत नाही. ढिगाऱ्यापुढे दोन-चार शिपाई हात मागे बांधून उभे असतात.

दुसरे आवडते ठिकाण म्हणजे मुख्य चौक. चौकाच्या मध्यभागी एका उंच स्तंभावर देवीचा पुतळा आहे. १७९२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने घातलेला वेढा लीलकरांनी परतवून लावला, त्याच्या स्मरणार्थ तो १८४५ मध्ये उभारला गेला. तोफेला बत्ती देण्याची काठी तिच्या हाती आहे. याच स्तंभाच्या पायथ्याशी जर्मन बँड वाजत असे आणि संचलने होत असत. युद्धापूर्वी अर्धवट राहिलेले नवे ऑपेरागृह जर्मनांनी वापरायोग्य केले आणि १९१५ च्या नाताळात तिथे जर्मन नाटकगृह सुरू झाले. सैनिकांसाठी शहरातून एक जर्मन वर्तमानपत्रही निघत होते. आघाडी इथून २० किलोमीटरांच्या आतच होती. खंदकातून चार दिवस सुटका मिळालेल्या माणसाला लील म्हणजे आंघोळ, ट्राम, बिअर आणि नाटक. घरच्यांची काळजी कमी व्हावी म्हणून त्याने हेच चित्र निवडले, यात त्याला दोष देता येत नाही. त्याच्या मागच्या बाजूच्या ओळींतला थकवा मात्र चित्राशी अनेकदा जुळत नाही.

नागरिक या कार्डांत येतात ते बहुधा कडेला: दारात उभी म्हातारी, कपडे धुणाऱ्या बायका, गाडीमागून चालणारी पोरे. सैनिकांच्या भटारखान्यापाशी भांडी घेऊन थांबलेल्या मुलांची कार्डे जर्मनीत विशेष आवडीची होती, कारण त्यांतून आपला शिपाई दयाळू दिसे. ती दया पुष्कळदा खरीही असेल. घरी लेकरे सोडून आलेल्या माणसाने समोरच्या पोराच्या वाडग्यात पळीभर सूप घालावे, हे स्वाभाविक आहे. पण मूल वाडगा घेऊन तिथे आले का, याचे उत्तर चित्राबाहेर आहे. धान्य, जनावरे, कोळसा, गिरण्यांतली यंत्रे, घरातली तांब्याची भांडी, पुढे गाद्यांतली लोकरसुद्धा लष्कराने जप्त केली होती आणि समुद्रमार्ग ब्रिटिश नाकेबंदीने अडलेला होता. हर्बर्ट हूव्हर यांच्या नेतृत्वाखालच्या बेल्जियम मदत आयोगाने १९१५ च्या वसंतापासून उत्तर फ्रान्सलाही धान्य पुरवले, त्यावर शहर कसेबसे तगले. १९११ च्या जनगणनेत लीलची वस्ती सुमारे २ लाख १७ हजार होती. मुक्ततेच्या वेळी ती जवळजवळ निम्म्यावर आली होती.

कार्डांवर जे कधीच आले नाही त्याची यादी मोठी आहे, आणि या विषयाचा खरा गाभा तिथे आहे. घड्याळे जर्मन वेळेनुसार लावण्याचा हुकूम, संचारबंदी, ओलीस धरलेले प्रतिष्ठित नागरिक, भिंतींवरची जाहीर फर्माने. मार्च १९१५ मध्ये फ्रेंच युद्धकैद्यांना शहरातून नेताना लोकांनी त्यांचा जयघोष केला, म्हणून सगळ्या शहरावर सामूहिक दंड बसला. कैद्यांच्या रांगेची चित्रे जर्मन प्रकाशकांच्या आवडीची होती, पण तो जयघोष चित्रात कुठून येणार? दोस्त सैनिकांना लपवून पळून जायला मदत केल्याबद्दल एझेन झाके आणि त्यांच्या तीन साथीदारांना २२ सप्टेंबर १९१५ रोजी लीलच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या गेल्या. हेरगिरीच्या आरोपाखाली १८ वर्षांच्या लेओं त्रुलँला ८ नोव्हेंबर १९१५ रोजी तीच शिक्षा झाली. १९१६ च्या ईस्टरमध्ये लील, रूबे आणि तुरक्वँ या जोडशहरांतून सुमारे २०,००० माणसे रात्री-पहाटे घराघरांतून उचलून एन व आर्देन भागांत शेतमजुरीला धाडण्यात आली. त्यांत तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. त्या पहाटेचे पोस्टकार्ड कोणी छापले नाही.

लीलकरांना यातले काही लिहून कळवण्याची सोय नव्हती. आघाडीपलीकडच्या फ्रान्सशी त्यांचा नियमित टपालव्यवहार तुटला होता. नवरा किंवा मुलगा फ्रेंच सैन्यात असलेल्या घरांना तो जिवंत आहे की नाही हे महिनोन्‌महिने कळत नसे. पुढे ब्रिटिशांसाठी हेरांचे जाळे चालवणारी लुईझ द बेतिन्यी हिने सुरुवातीला लोकांची पत्रेच लपवून सीमेपार नेली होती. ऑक्टोबर १९१५ मध्ये ती पकडली गेली आणि युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना कोलोनमध्ये कैदेतच वारली. फुकट जाणाऱ्या लक्षावधी जर्मन कार्डांच्या शेजारी ही चोरटी पत्रे ठेवली, म्हणजे त्या शहरात कोणाला बोलता येत होते हे स्पष्ट होते.

खंदकांच्या पलीकडे, लीलच्या नैर्ऋत्येस सुमारे २० ते २५ किलोमीटरांवर, नव शापेल आणि ला बासे या भागांत हिंदुस्थानी सैन्य लढत होते. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरल्यापासून त्यांचीही कार्डे फ्रेंच प्रकाशकांनी धडाक्याने काढली: फेटेवाले घोडेस्वार, भाकऱ्या भाजणारे शिपाई, खेचरांचे तांडे. मराठा पलटणी या युद्धात प्रामुख्याने मेसोपोटेमियात होत्या, त्यामुळे फ्रान्सच्या कार्डांत त्या शोधून हाती फारसे लागत नाही. जर्मनांनी पकडलेल्या हिंदी सैनिकांपैकी अनेकांना बर्लिनजवळच्या व्ह्यून्सडोर्फच्या छावणीत ठेवले होते. तिथे १९१५ मध्ये बांधलेल्या लाकडी मशिदीची कार्डे जर्मनीने प्रचारासाठी वापरली. हे शिपाई चित्रांत ठसठशीत दिसतात आणि मथळ्यात त्यांचे नाव नसते.

पूर्वेकडच्या व्याप्त शहरांतील जर्मन कार्डांचा सूर निराळा होता. वॉर्सा, लोड्झ, व्हिल्ना येथील चित्रांत बाजारातले ज्यू, चिखलाचे रस्ते, फाटके शेतकरी यांना ‘नमुने’ म्हणून उभे केलेले असते आणि मथळ्यांतून तुच्छता डोकावते. लीलकडे पाहताना जर्मन शिपायाला निदान ते आपल्यासारखेच शहर वाटत होते. पुढे पारडे फिरले. डिसेंबर १९१८ ते जानेवारी १९२६ या काळात कोलोन ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि तिथल्या कॅथीड्रलची कार्डे टॉमी, म्हणजे ब्रिटिश शिपाई, घरी धाडत होते.

१७ ऑक्टोबर १९१८ रोजी ब्रिटिश सैन्य लीलमध्ये आले आणि स्थानिक छापखाने पुन्हा कामाला लागले. ११ जानेवारी १९१६ च्या पहाटे जर्मन दारूगोळ्याचे कोठार उडून १०४ माणसे मेली होती आणि शेकडो घरे कोसळली होती. त्या उद्ध्वस्त वस्तीची कार्डे आता फ्रेंच मथळ्यांनिशी निघाली. झाके आणि त्यांच्या साथीदारांचे स्मारक १९२९ मध्ये उभे राहिले व त्याचीही कार्डे झाली. १९४० मध्ये जर्मन परत आले तेव्हा त्यांनी ते फोडले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पुन्हा उभारले गेले. १९४० मध्येच फ्रान्सचे व्याप्त आणि अव्याप्त असे दोन भाग पडल्यावर एका भागातून दुसऱ्या भागात पाठवायला छापील कार्ड आले. त्यावर ‘आजारी’, ‘कैदेत’, ‘मरण पावला’ अशा शब्दांपैकी लागू नसलेले खोडायचे, वर स्वतःचे वाक्य लिहायचे नाही.

आज ही कार्डे फ्रान्स व जर्मनीतील अभिलेखागारांत, पेरॉनच्या महायुद्ध संग्रहालयात आणि असंख्य खासगी संग्रहांत आहेत. त्यांचा काळ ठरवताना मागच्या शिक्क्यावर विसंबू नये. शिक्का कार्ड टपालात पडल्याची तारीख सांगतो, चित्र त्याआधी कितीही जुने असू शकते. १९१७ चा शिक्का असलेल्या कार्डावर १९१० ची गर्दी सापडते. चित्रात शिपाई असतील तर डोक्यावर काय आहे ते आधी पाहावे. टोकदार चामडी शिरस्त्राण जर्मन सैन्याने १९१६ पासून मागे टाकत पोलादी शिरस्त्राण स्वीकारले, त्यामुळे पोलादी शिरस्त्राण दिसले तर चित्र त्या वर्षाच्या आधीचे नाही. शिपायांनी साध्या टोप्या घातल्या असतील तर ही खूण उपयोगी पडत नाही. तेव्हा भडिमारात पडलेली घरे चित्रात उभी आहेत की नाहीत, दुकानावरची पाटी फ्रेंच आहे की जर्मन, हे तपासावे लागते.