परत पाठवले तर छळ होईल अशी भीती असेल, तेव्हा कायदा काय करू शकतो
पक्षकारांसाठी माहितीपत्रक, पुणे

हे पत्रक मराठीत काढण्याचे कारण साधे आहे. अशा प्रकरणात आमच्या शिवाजीनगरच्या कार्यालयात आधी येतात ती बहुतेक वेळा मराठी माणसेच: कोंढव्यातले घरमालक, कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी विभागातल्या मॅडम, परदेशी जावई असलेले आईवडील. प्रश्न ठरलेला असतो. "मुलगा चांगला आहे, पण व्हिसा संपत आलाय. परत गेला तर विमानतळावरच उचलतील म्हणतो. काही करता येईल का?"

करता येते, पण त्यासाठी भीती मनात आली तेव्हाच यायला हवे. 'भारत सोडा' अशी नोटीस हातात पडल्यावर दिवस मोजकेच उरतात, आणि पुरावा गोळा करायचा असतो परदेशातून. (बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. हे पत्रक आमच्या पक्षकारांच्या माहितीसाठी आहे, कृपया सोसायटीच्या फलकावर लावू नये.)

जगाचा नियम आणि आपला देश

संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजी स्वीकारला गेला. त्याचे कलम ३ सांगते की, ज्या देशात एखाद्याचा छळ होईल असे मानायला सबळ कारण आहे, त्या देशात त्याला परत पाठवू नये, हाकलू नये, प्रत्यार्पणही करू नये. या कलमाला अपवाद नाही. माणूस गुन्हेगार असला, त्याच्यावर दहशतवादाचा आरोप असला तरी नाही.

भारताने या करारावर १९९७ मध्ये सही केली, पण मान्यतेची पुढची पायरी आजवर चढलेली नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३व्या अहवालात कराराला मान्यता द्या, असे स्पष्ट सुचवले. १९५१ च्या निर्वासित करारावर तर भारताची सहीही नाही. आम्हाला हे रखडणे चुकीचे वाटते, आणि त्याची किंमत देशालाही मोजावी लागते. पुरुलियात १९९५ मध्ये विमानातून शस्त्रे टाकल्याच्या प्रकरणातला आरोपी किम डेव्ही भारताला हवा होता. डेन्मार्कच्या वरिष्ठ न्यायालयाने २०११ मध्ये, भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे असे म्हणत प्रत्यार्पण नाकारले.

मग इथे आधार कशाचा?

राज्यघटनेचा. अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये शब्द 'व्यक्ती' असा आहे, 'नागरिक' असा नाही. म्हणजे जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण पुण्यात शिकणाऱ्या येमेनी किंवा सुदानी मुलालाही आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये, इराकी निर्वासितांच्या प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले: धोका असलेल्या देशात परत न पाठवण्याचे तत्त्व अनुच्छेद २१ मध्येच सामावलेले आहे, मात्र त्या माणसामुळे देशाच्या सुरक्षेला बाधा येत नसली पाहिजे. मणिपूर उच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये म्यानमारमधून आलेल्या सात जणांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे अर्ज करण्यासाठी दिल्लीला जाऊ दिले.

दुसरी बाजू आम्ही लपवत नाही. परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार फार मोठा आहे, हे सर्वोच्च न्यायालय १९५५ पासून सांगत आले आहे. रोहिंग्यांच्या प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने पाठवणी थांबवली नाही. विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नका, एवढेच म्हटले. मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ व्यक्तीची याचिका फेटाळताना, भारत ही काही धर्मशाळा नाही, असे उद्गार निघाले. ही बातमी वाचून हात टेकलेले पक्षकार आमच्याकडे आले आहेत. त्यांना आमचे सांगणे हेच, की 'मला इथे राहायचे आहे' ही एक मागणी आणि 'मला त्या तुरुंगात पाठवू नका' ही दुसरी. पहिलीला घटनेचा आधार जवळपास नाही. दुसरीला आहे. अर्ज दुसरीवर उभा करायचा.

सिद्ध काय करायचे

"आमच्या देशात परिस्थिती वाईट आहे" एवढ्याने काम होत नाही. याच माणसाला, याच कारणाने धोका आहे, हे दाखवावे लागते. तो मोर्चात होता का, त्याने काय लिहिले, घरी कोण येऊन काय विचारून गेले, आधी अटक झाली होती का.

हा पुरावा बहुतेक वेळा मोबाइलमध्ये असतो: भावाचा व्हॉइस मेसेज, दारावर चिकटवलेल्या समन्सचा फोटो. इथे चुका फार होतात. मेसेज दुसऱ्याला फॉरवर्ड करून मूळ डिलीट केला, फोन बदलला, आणि हातात राहिला तो तारीख नसलेला स्क्रीनशॉट. मूळ फोन जपा, रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासता येणारा सांकेतिक ठसा) नमूद करतात आणि तज्ज्ञाचीही सही असते. मूळ मेसेज ज्या फोनवर आला तो फोनच नसेल, तर हे सगळे अडते. अरबी, फारसी कागदांचे भाषांतर शपथपत्रासह करून घ्यावे. मित्राने वहीत लिहून दिलेले चालत नाही.

अंगावर जुन्या जखमा असतील तर डॉक्टरांकडून नुसते 'जुने व्रण' असे लिहून आणू नका. व्रण कुठे, केवढा, कोणत्या आकाराचा, आणि पक्षकार सांगतो त्या माराशी तो जुळतो का, हे हवे. अशा तपासणीची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या 'इस्तंबूल प्रोटोकॉल'मध्ये दिलेली आहे. आम्ही त्यातले मुद्दे डॉक्टरांना आधी देतो. मनावरच्या आघाताचा अहवालही तितकाच कामाचा असतो. छळ सोसलेला माणूस तारखा चुकतो, क्रम विसरतो. ते खोटेपणाचे लक्षण नव्हे, आणि हे न्यायालयाला सांगायला तज्ज्ञच लागतो.

पुण्यात काय करायचे

व्हिसा चालू असतानाच ऑनलाइन मुदतवाढीचा अर्ज करावा आणि त्यातच भीतीचे कारण लेखी नोंदवावे. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे. मुदत संपल्यावर राहिल्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय उशिरा सांगितलेली भीती बनावट वाटते. निर्वासित उच्चायुक्तालयाचे कार्यालय दिल्लीत आहे. तिथली नोंद सरकारवर बंधनकारक नसली तरी उच्च न्यायालये तिला वजन देतात.

नोटीस आली, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, पण त्यात पुणे जिल्हा नाही. आपल्याला मुंबईच गाठावी लागते, म्हणून वकीलपत्रावर सही आणि शपथपत्र आधीच तयार हवे.

एक धोका घरमालकांनी आणि कॉलेजने विशेष लक्षात ठेवावा. मदत म्हणून त्या माणसाच्या दूतावासाला फोन लावू नका. ज्या सरकारची भीती आहे, त्यालाच पत्ता कळतो. परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायची असते, ती मात्र अवश्य भरा. न भरल्याने त्याचे भले होत नाही, तुमच्यावर गुन्हा होतो.

ताब्यात घेतले तर वकिलाला भेटण्याचा हक्क अनुच्छेद २२ देतो. फी परवडत नसेल तरी थांबू नका. कोठडीत असलेल्या कोणालाही विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, त्याचे नागरिकत्व कोणतेही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर न्यायालयातच आहे. अर्ज नातेवाइकाने किंवा मित्राने नेऊन दिला तरी चालतो. सोबत पासपोर्टची आणि नोटिशीची प्रत न्यावी.