‘गालाला कळतं’: बालपणीचे अंधत्व आणि मेंदूची जुळवणूक

शनिवार पेठेतील एका अरुंद बोळातून माझे एक परिचित रोज संध्याकाळी फिरायला जातात. दोन वर्षांचे असताना गोवरात त्यांची दृष्टी गेली. पुढे एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी उभी नोकरी केली. हातात काठी असली तरी बोळात ते ती फारशी टेकवत नाहीत, आणि तरीही वाटेत कुणी टेम्पो उभा केला असेल तर दोन हातांवर थबकतात. कसे कळले, असे विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असते : “गालाला कळतं.”

हे उत्तर बरेच जुने आहे. फ्रेंच विचारवंत दिदेरो याने १७४९ मध्ये अंधांविषयी लिहिलेल्या पत्रात प्यूझो गावातील एका जन्मांध गृहस्थाचे वर्णन आहे. समोर एखादी वस्तू आल्याचे तो चेहऱ्यावर जाणवणाऱ्या हवेवरून ओळखतो, असे दिदेरोने नोंदवले. पुढे या अनुभवाला ‘चेहऱ्याची दृष्टी’ असेच नाव पडले आणि त्वचेतच काही सूक्ष्म जाणीव असावी, हा समज दीर्घकाळ टिकला. त्याचा निकाल लागला तो १९४४ मध्ये, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात. मानसशास्त्रज्ञ डॅलनबाख यांच्या प्रयोगशाळेत अंध व्यक्तींना आणि डोळे बांधलेल्या डोळसांना भिंतीच्या दिशेने चालायला लावण्यात आले. चेहरा जाड कापडाने झाकला तरी त्यांना भिंत कळत होती. कान बंद केले की मात्र ते भिंतीवर जाऊन आदळत. प्रयोगकर्त्यांपैकी मायकल सूपा हे स्वतः अंध होते. म्हणजे काम कानाचे, पावलांच्या आवाजाच्या प्रतिध्वनीचे. जाणीव मात्र गालावर झाल्यासारखी वाटते. स्वतःच्याच अनुभवाची साक्ष इतकी फसवी असू शकते, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते.

एक इंद्रिय गेले की दुसरे आपोआप तल्लख होते, ही समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या आणि १९१५ मध्ये पुण्यात देह ठेवलेल्या गुलाबराव महाराजांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात, त्या शब्दातही आतल्या डोळ्याची कल्पना आहेच. आदर म्हणून शब्द सुंदर आहे, स्पष्टीकरण म्हणून अपुरा. अंध व्यक्तीची श्रवणचाचणी घेतली तर कान डोळसांपेक्षा फार बारीक ऐकतो असे आढळत नाही. फरक पडतो तो ऐकलेल्याचा अर्थ लावण्यात : एक कान बंद असतानाही आवाजाची दिशा ओळखणे काही जन्मांधांना डोळसांपेक्षा चांगले साधते, हे १९९८ मध्ये दिसून आले.

तो अर्थ मेंदूत नेमका कुठे लागतो, हा प्रश्न मात्र बराच काळ कुणी विचारलाच नाही, आणि त्याला कारणही तसेच होते. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून ठेवला, तेव्हा तो उघडल्यावरही मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ दाद देईनात. या संशोधनमालेला १९८१ चे नोबेल मिळाले. त्यावरून अंधांचे दृष्टिकेंद्र ओसाड पडत असावे, असा तर्क करणे सोपे होते. परंतु १९८८ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी लहानपणीच अंध झालेल्यांचे पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग इंधन म्हणून किती साखर वापरतो, हे दाखवणारी तपासणी) केले, तेव्हा ते केंद्र थंडावलेले नव्हते, उलट तेथे साखर जोमाने खर्च होत होती.

ती कशासाठी, याचे उत्तर ब्रेल लिपीच्या वाचनाने दिले. कोरेगाव पार्कमधील मुलांच्या किंवा कोथरूडमधील मुलींच्या अंधशाळेत ब्रेल पाटीवर लिहिणारे मूल पाहावे : कागदावर उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे, मग कागद उलटून उठलेल्या टिंबांवरून तर्जनी डावीकडून उजवीकडे फिरवायची, आणि तेवढ्यात ओळ वाचून झालेली असते. असे वाचताना डोक्याच्या मागील बाजूचे दृष्टिकेंद्र जागे होते, हे सादातो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले. पण जागे होणे म्हणजे कामाला येणे नव्हे, ही शंका रास्तच होती. पुढच्याच वर्षी कोहेन यांच्या गटाने कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन त्या भागात क्षणभर व्यत्यय आणला, तर ब्रेल वाचणारे अंध चुकू लागले. उठावाची रोमन अक्षरे चाचपणाऱ्या डोळसांवर तसा परिणाम झाला नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेली एका जन्मांध स्त्रीची हकीकत याहून बोलकी आहे. मेंदूच्या मागील भागात दोन्ही बाजूंना रक्तपुरवठा खंडित झाल्यावर तिची स्पर्शसंवेदना शाबूत राहिली, पण आयुष्यभर वाचलेले ब्रेल तिला वाचता येईना.

यात वयाचा हिशेब कडक आहे. साधारण चौदाव्या वर्षानंतर दृष्टी गमावलेल्यांत त्या स्पंदांनी ब्रेलवाचन बिघडत नाही, असे कोहेन यांनाच १९९९ मध्ये आढळले. उलट बाजूने, जन्मतः मोतीबिंदू असलेल्या भारतीय मुलांवर शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना हाताने ओळखलेली वस्तू नुसत्या नजरेने लगेच ओळखता आली नाही. अशा मुलांवर उपचार आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘प्रकल्प प्रकाश’चे हे निष्कर्ष २०११ चे. शरीराचे एक घड्याळ तर मेंदूच्या या जुळवणुकीला दादच देत नाही : दृष्टिपटलातील ज्या पेशी उजेडाची खबर झोपेची वेळ ठरवणाऱ्या या घड्याळाला देतात, त्या २००२ मध्ये सापडल्या, आणि त्याही निकामी असतील तर झोपेची वेळ दिवसेंदिवस पुढे सरकत जाते.

दृष्टिकेंद्र खरोखर नवे काम शिकते की मुळातच तेथे असलेली स्पर्शाची, भाषेची क्षीण वाट डोळ्यांचा राबता थांबल्यावर रुंद होते, यावर मात्र एकमत नाही. मेकिन आणि क्रॅकाउर या मेंदूशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दुसऱ्या शक्यतेच्या, म्हणजे जुनीच वाट रुंद होण्याच्या, बाजूने जोरदार मांडणी केली, आणि मला ती अधिक पटते.

आमच्या परिचितांच्या बोळात दोन वर्षांपूर्वी एक वाडा पाडून इमारत उभी राहिली. तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडल्यामुळे त्या बाजूला आता वीस-पंचवीस पावलांपर्यंत भिंतच नाही. “तिथं गाल रिकामा होतो,” असे ते म्हणतात, आणि तेवढ्या अंतरापुरती काठी टेकवतात.