थप्पीच्या पोटात काय आहे?

मागच्या मे महिन्यात मामांनी कळमन्याकडच्या एका गोदामातून आपलं सोयाबीन काढलं. नोव्हेंबरमध्ये ४० क्विंटल ठेवलं होतं, पावतीवर ओलावा १२ टक्के लिहिलेला, आणि त्यावर तारण कर्ज उचललं होतं कारण तेव्हा भाव पार पडलेला आणि पोरीची कॉलेजची फी भरायची होती. काढताना काट्यावर भरलं ३६ क्विंटल ४० किलो. गोदामवाला म्हणाला, "नागपूरचा उन्हाळा आहे भाऊ, माल वाळते ना, क्विंटलमागं ९ किलो घट तर येणारच." मामा गप्प राहिले. मी पण तिथंच उभा होतो, मलाही बोलता आलं नाही. पण त्याच दिवशी मार्केटमध्ये मीटर लावलं तर ओलावा ९ टक्के निघाला, आणि रात्री मी कागद घेऊन बसलो.

हिशोब सोपा आहे, सातवीतलं पोरगंही करेल. माल वाळतो म्हणजे फक्त पाणी उडतं, बाकी दाणा जिथल्या तिथं राहतो. १०० किलोत १२ किलो पाणी असेल तर कोरडा दाणा ८८ किलो. ओलावा ९ वर आला की हेच ८८ किलो आता एकूण वजनाच्या ९१ टक्के झाले, म्हणून एकूण वजन ८८ भागिले ०.९१, म्हणजे ९६.७ किलो. घट झाली ३.३ किलो, ९ नाही! ४० क्विंटलला १३२ किलो. मामांचे गेले ३६० किलो. थोडं सांडलवंड, थोडं उंदरांचं धरलं तरी सव्वादोन क्विंटल कुठं गेलं याला उत्तर नाही. आणि ९ किलो घट खरी मानायची तर ओलावा ३.३ टक्क्यांपर्यंत उतरायला हवा होता, तसं गोदामात होत नाही, कारण दाणा हवेतल्या दमटपणाशी सारखी देवाणघेवाण करत असतो आणि एका पातळीला येऊन थांबतो, उन्हाळ्यात खाली, श्रावणात परत वर.

उलटं पण तितकंच खरं. नोव्हेंबरमध्ये १२ टक्क्यांनी ठेवलेली थप्पी मे महिन्यात मोजली आणि वजन किलोला किलो जुळलं तर मला आधी शंका येईल. कारण एकतर कुणी मोजलंच नाही, जुना आकडा उतरवला, नाहीतर पाणी मारलं.

आता हे सव्वादोन क्विंटल छोटी चोरी वाटेल, पण गोदामाच्या पावतीवर पैसे कसे उभे राहतात ते बघा. शेतकरी माल ठेवतो, गोदामवाला पावती देतो, बँक ती पावती बघून कर्ज देते, मालाचं तोंडही बघत नाही. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीकडून सोयाबीनला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी, आणि खरंच चांगली योजना आहे, पडत्या भावात विकायची वेळ येत नाही. पण सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे, की कागदावर आहे तेवढा माल आत आहे. शेकडो शेतकऱ्यांच्या "घटी"तून बिनकागदाचा माल तयार होतो, त्यावर दुसऱ्याच नावानं पावती फाडता येते. दुसऱ्या टोकाला बिनमालाचा कागद असतो, आणि मोठे घोटाळे तिथंच झालेत.

त्यातला जुना प्रकार म्हणजे पोकळ थप्पी. समजा थप्पी लांबीला १० पोती, रुंदीला १० आणि उंचीला १०, एकूण १००० पोती. तपासणारा चारी बाजूंनी फिरला, शिडी लावून वरूनही बघितलं. त्याला किती पोती दिसली? आतला न दिसणारा भाग ८ गुणिले ८ गुणिले ९, म्हणजे ५७६ पोती. अर्ध्याहून जास्त माल त्यानं बघितलाच नाही, नुसता मानला! ५० किलोचं पोतं धरलं तर २८८ क्विंटल, क्विंटलला ४,००० रुपये धरले तर साडेअकरा लाख. थप्पी मोठी तेवढं हे प्रमाण वाढतं, २० बाय २० बाय १० ला ४००० पैकी २९१६ पोती नजरेआड. आत कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) भरलेली पोती रचली की वरचा थर खचत नाही आणि बाहेरून सगळं पिवळंधमक सोयाबीन. नमुन्यासाठी परखी, म्हणजे दाणे काढायची टोकदार नळी, टोचतात तीही बाहेरच्याच पोत्यांना.

अमेरिकेत १९६३ मध्ये हेच तेलात झालं, आणि तेही सोयाबीनच्याच तेलात. न्यूजर्सीमधल्या बेयॉन गावात टिनो डी अँजेलिस नावाच्या व्यापाऱ्याच्या टाक्या होत्या, अमेरिकन एक्स्प्रेसची एक उपकंपनी त्यावर गोदाम पावत्या द्यायची आणि त्या पावत्यांवर बँका कर्ज. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून टाकीत खाली पाणी आणि वर तेलाचा थर, तपासणारा वरून माप सोडायचा आणि तेल वर यायचं. टाक्या आतून पाइपनं जोडलेल्या, त्यामुळं तेच तेल पुढच्या टाकीत पोचायचं. फुटलं तेव्हा १५ कोटी डॉलरच्या वर पैसा बुडाला होता. पावत्यांवरचं तेल अख्ख्या अमेरिकेतल्या सरकारी आकड्यापेक्षा जास्त होतं, नुसती बेरीज करून बघितली असती तरी कळलं असतं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुंबईचं नॅशनल स्पॉट एक्स्चेंज, गोदामातल्या मालाचे सौदे कॉम्प्युटरवर करणारा बाजार. ३१ जुलै २०१३ ला व्यवहार थांबले, सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी अडकले, आणि गोदामं उघडली तर पावतीवरचा माल कुठं कमी, कुठं नव्हताच.

त्यानंतर इलेक्ट्रॉनिक पावती आली, २०१७ मध्ये, आणि ऑगस्ट २०१९ पासून वखार नियामक प्राधिकरणाकडं नोंदणी असलेल्या गोदामांना तीच बंधनकारक झाली. यानं एक मोठं काम झालं, एकाच मालावर दोन बँकांकडून कर्ज उचलणं अवघड झालं, कारण एका बँकेनं बोजा चढवला की तो रेकॉर्डवर दिसतो. पण कॉम्प्युटरला पोत्याच्या आत दिसत नाही. गोदामवाल्यानं एक हजार पोती टाकली तर रेकॉर्डवर एक हजारच राहणार, आत कुटार असो की काही.

तिथं परत विज्ञानच लागतं, आणि ते महागडं नाही. ओलावा मीटर दाण्यात वीज किती साठवली जाते ते मोजतं, पाण्याचा हा गुण कोरड्या दाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त, म्हणून दोन टक्क्यांचा फरकही पकडतं. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो, ऑक्सिजन ओढून कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता सोडतो, ओल किंवा भुंगा लागला की जास्तच, म्हणून काही ठिकाणी आता थप्पीत सेन्सर ठेवतात. पण माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय हमालांच्या अंगमेहनतीचा आहे: थप्पी एका बाजूनं फोडायची, मधली पोती बाहेर काढायची, काट्यावर ठेवायची. कुटाराचं पोतं सोयाबीनच्या वजनाला येऊच शकत नाही. तपासणीची तारीख मात्र आधी सांगायची नाही.

या नोव्हेंबरला मामांनी दुसरं गोदाम धरलं. ठेवताना मीटरचा आकडा पावतीवर आहे का ते बघितलं, काट्याच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला, आणि काढताना पुन्हा ओलावा मोजायचा हे तिथल्या बाबूकडून पावतीच्या मागं लिहून घेतलं. बाबू आधी नाही म्हणत होता. मग मामांनी खिशातून माझा तो ८८ भागिले ०.९१ वाला कागद काढला.