पोलीस भरतीच्या अर्जातला तिसरा पर्याय

२०२२ च्या अखेरीस राज्यात पोलीस शिपायांची भरती निघाली, तेव्हा ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते: पुरुष आणि स्त्री. सातारा जिल्ह्यातली एक तृतीयपंथी उमेदवार तिथेच अडली. मैदानी चाचणी, लेखी परीक्षा या पुढच्या गोष्टी. मुळात अर्जच भरता येईना. ती महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेली. मॅटने गृह विभागाला तिसरा पर्याय देण्याचा आदेश दिला. सरकारने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, पण डिसेंबरमध्ये न्यायालयाने फटकारल्यावर माघार घेतली. अर्जात पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत करायचे ठरले.

हे भांडण व्हायलाच नको होते. सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली ती १५ एप्रिल २०१४ रोजी. सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभाव करू नये असे सांगणारा संविधानाचा अनुच्छेद १६ त्यांनाही लागू होतो, हे त्याच निकालात आहे. म्हणजे अर्जातल्या एका पर्यायासाठी आठ वर्षे गेली.

समलिंगी कर्मचाऱ्यांची वाट याहून बिकट. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये ते पुन्हा आवळले. पुढची पावणेपाच वर्षे फार वाईट होती. कार्यालयात कुणी छळले तरी तक्रार करायची कशी? तक्रार म्हणजे स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली ठरण्याची भीती. शिवाय राज्य सरकारच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारे काही करू नये असा नियम आहे. काय शोभते आणि काय नाही हे साहेबांनी ठरवायचे, त्यामुळे असा माणूस वर्षानुवर्षे गोपनीय अहवालाकडे आणि बदलीच्या आदेशाकडे डोळे लावून गप्प बसे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नवतेज जोहर निकालाने संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. तरीही २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरात एका होमगार्डला जोडीदारासोबतच्या व्हिडिओवरून काढून टाकले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ती कारवाई रद्द करून त्याला परत घ्यायला लावले. सरकारी नोकरीतल्या समलिंगी माणसासाठी मला हा निकाल सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण प्रश्न थेट पोटापाण्याचा होता.

२०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ९ ने नोकरी, बढती यांतला भेदभाव बंद केला, तर कलम ११ ने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितले. समलिंगी कर्मचारी मात्र या कायद्यात कुठेच नाहीत.

म्हणून सांगलीच्या एखाद्या सरकारी कार्यालयातला तृतीयपंथी लिपिक निदान कार्यालयातच तक्रार अधिकारी कोण हे विचारू शकतो. शेजारच्या टेबलावरच्या समलिंगी सहकाऱ्यापुढे कोर्टाचीच पायरी उरते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापूरला बसते खरे, पण राज्य शासनाच्या नोकरीतला वाद आधी मॅटकडेच न्यावा लागतो. त्यासाठी रजा काढायची, तर रजेच्या अर्जात कारण लिहावे लागते.