सपाट रस्ता लपवतो, घाट दाखवतो: मोटारहोमचं ब्रेक ऑइल

नागपुरात राहणाऱ्या मोटारहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, ब्रेकला सहसा खरी कसोटी द्यावी लागत नाही. समृद्धी महामार्ग किंवा वर्धा रोडवर गाडी तासन् तास धावते, ब्रेक अधूनमधूनच लागतो आणि दोन ब्रेकांच्या मधे डिस्क-ड्रम वाऱ्याने थंड होतात. ऑइल चार वर्षं जुनं असलं तरी पॅडल कडक लागतं, म्हणून मालक निश्चिंत असतो. मग दिवाळीच्या सुट्टीत परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जायचं ठरतं. चढताना काहीच कळत नाही, कळतं ते उतरताना.

आकडेच बघा. टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली, भरलेली गाडी ४ टनांची धरली, तर ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना साधारण १ मेगाज्यूल ऊर्जेची उष्णता होते. चिखलदरा १,१०० मीटरच्या थोडं वर आहे. तिथून सुमारे ७०० मीटर खाली उतरायचं, तर २७ मेगाज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. काही वाटा टायर, वारा आणि इंजिन उचलतात. गाडी न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये सोडली, तर उरलेलं जवळपास सगळं ब्रेकवर येतं. त्यात वेग कमी, म्हणजे वाराही कमी. छिंदवाड्याकडून परतताना लागणाऱ्या सिल्लेवानी घाटातही हेच गणित लागू पडतं, फक्त उंची कमी.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिस्टनला आणि तिथून ऑइलला मिळते. ‘डॉट’ म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत; डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइलं ग्लायकॉल वर्गातली, हवेतलं पाणी शोषून घेणारी. नव्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांची. डॉट ३साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा जोर मग बुडबुडे चेपण्यातच खर्च होतो आणि पॅडल खाली बसतं.

नागपूरच्या उन्हाला इथे उगाच दोष दिला जातो. बाहेर ३० अंशांऐवजी ४५ असले, तर फरक १५ अंशांचा. पाण्याने घसरणारा उत्कलनबिंदू मात्र ७५ अंशांनी खाली येतो. खरा गुन्हेगार मे महिना नाही, जुलै-ऑगस्टची दमट हवा आहे. ती ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून आणि होज पाइपच्या रबरातून हळूहळू आत शिरते. गाडी शेडमध्ये उभी असली तरी शिरते, त्यामुळे ‘गाडी फारशी चाललीच नाही’ ही सबब चालत नाही. मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं नसेल तर दर २ वर्षांनी ऑइल बदलावं, आणि पावसाळा संपल्यावर, हिवाळी सहलींच्या आधी बदललेलं उत्तम.

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. कॅलिपरमधलं तिथेच राहतं. म्हणून टाकीतलं तेवढं पिचकारीने काढून नवं भरणं हा निव्वळ देखावा आहे; खराब ऑइल चाकापाशीच पडून असतं. रंगावरूनही पाण्याचा अंदाज लागत नाही. पेनासारखा टेस्टर ढोबळ कल्पना देतो, उत्कलनबिंदू मोजणारं यंत्र त्याहून भरवशाचं.

सगळं ऑइल बदलायला १ ते दीड लिटर लागतं. झाकणावर जे डॉट लिहिलंय तेच घ्या. डॉट ३च्या जागी डॉट ४ चालतं, सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यात मिसळायचं नाही. डबा सीलबंद हवा, मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला नको. सोबत निप्पलच्या (चाकापाशी ऑइल बाहेर काढायच्या स्क्रूच्या) मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली आणि पॅडलवर बसणारा एक माणूस. गंजलेल्या निप्पलवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. निप्पल पोकळ असतं, जोर केला की मोडतं, आणि मग कॅलिपरचाच खर्च.

टाकीतलं जुनं ऑइल काढून नवं भरा. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम नसेल तर मास्टर सिलिंडरपासून (पॅडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा. पॅडल दाबा, निप्पल पाव फेरा सोडा, पॅडल खाली गेलं की निप्पल बंद, मगच पाय वर. हा क्रम उलटला की एअर आत खेचली जाते. मागच्या चाकांना प्रत्येकी पाव लिटरहून थोडं जास्त आणि पुढच्यांना थोडं कमी ऑइल जातं. स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नका. ऑइल एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटपर्यंत आटून एअर शिरली, तर काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर जोडून पंप चालवावा लागतो.

दोन गोष्टी गॅरेजमध्येही विसरल्या जातात. जुन्या गाडीत पॅडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात नसतो तिथे गंज, घाण बसलेली असते. रबर तिथून घासत गेलं की कापलं जातं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की भागतं. दुसरी गोष्ट, मागच्या ॲक्सलवर वजनानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल, तर बॉडीला जॅक लावून चाकं लोंबकळत ठेवू नका. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, तो मागचा दाब आवळतो आणि मागून ऑइल नीट येत नाही. स्टँड ॲक्सलखाली लावा. क्लचही हायड्रॉलिक असेल आणि टाकी एकच असेल, तर तिथलंही ऑइल बदला.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पॅडल एक मिनिट जोराने दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची रबरं गेली आहेत. मग पॅडल पाच-सहा वेळा मारून धरून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली गेलं म्हणजे बुस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक.

टाकीतली पातळी कमी दिसली की लगेच वरून ऑइल ओतण्याची सवय वाईट. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि पातळी आपोआप उतरते. पॅड आधी बघा, आणि मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का तेही. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, त्याने सगळी रबरं फुगतात. होज पाइप बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून फुगून झडपेसारखा वागतो: दाब जातो, परत येत नाही, चाक ओढत राहतं. दहा किलोमीटर चालवून चारही चाकं इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासा. एखादंच बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर होज, पिस्टन किंवा गाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) अडकली आहे.

घाटात पॅडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड सुटली. पॅडल खाली बसत असेल तर ऑइल उकळतंय. अशा वेळी भराभर पंप मारा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलात तर आणखी एक फसवणूक होते. वारा थांबल्यामुळे डिस्कची उष्णता काही मिनिटं कॅलिपरमध्ये जातच राहते, आणि उतरताना न उकळलेलं ऑइल उभ्या गाडीत उकळू शकतं. निघण्याआधी जागेवरच पॅडल दाबून पाहा. गाडी थंड झाल्यावर पॅडल पुन्हा कडक होतं, पण त्या ऑइलवर पुढचा घाट उतरायचा नाही.

पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर (ड्रमवर घासणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा, आणि पंधरा दिवसांनी थोडी पुढे-मागे करून ब्रेक दाबा, म्हणजे पिस्टन मोकळे राहतात. ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. काढलेलं ऑइल इंजिन ऑइलमध्ये न मिसळता वेगळ्या डब्यात भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या.